चर्चाफलकांवर वाढलेले वय

१

माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत 'प्रबुद्ध भारत'चे काही अंक होते. आजोबांना अक्षर वाचता येत नव्हते. वस्तीत वाचणारा एकच माणूस होता. तो संध्याकाळी कंदिलाजवळ बसून अंक मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत, मध्येच कोणी शंका काढी, कोणी तिला उत्तर देई. वाचून झालेला अंक पाळीपाळीने एकेकाच्या घरी ठेवायला जाई. अशा पाळीने आलेले ते अंक होते. आजोबा त्याचे नाव कधी घेत नसत; 'आपला पेपर' एवढेच म्हणत. त्या वाचनाला जाऊ लागले तेव्हा ते तरुण होते. पुढे पेपर बंद झाला, वाचणारा गेला, ऐकणारे एकेक करून गेले आणि त्या बैठकीची आठवण असलेले आजोबा एकटेच उरले. अंकांवर काय छापले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, पण कोणत्या अंकाच्या वेळी कोण काय बोलले होते हे ते सांगू शकत.

आज हे आठवण्याचे कारण असे की, पस्तिशी ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आले, मीही अशाच एका बैठकीत वाढलो आणि आता तिच्यातल्या जुन्या माणसांत माझी गणना होऊ लागली आहे. माझी बैठक संगणकाच्या पडद्यावरची. तिला फोरम म्हणतात. फोरम म्हणजे काय हे ह्या त्रैमासिकाच्या सर्वच वाचकांना ठाऊक असेल असे नाही. एकजण एखाद्या विषयावर चार ओळी लिहितो. त्याला धागा म्हणतात. त्याखाली इतर सदस्य प्रतिसाद लिहितात. सदस्य जे नाव घेऊन वावरतो तो त्याचा आयडी. ज्याला लिहायचे नाही तो नुसता वाचतो. अशांना मराठी फोरमवर 'वाचनमात्र' म्हणतात. माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत, लिहिण्याने ओळखतात, आणि अशी ओळख दहा-दहा, वीस-वीस वर्षे टिकते.

माणूस गावात म्हातारा होतो तेव्हा त्याचे पिकलेले केस चारचौघांना दिसतात. फोरमवर केस दिसत नाहीत. मग तेथे वय कशाने वाढते? आणि वाढलेल्या वयाचे कर्तव्य कोणते? हा प्रश्न वरवर पाहता खाजगी वाटेल. परंतु ज्या समाजाची स्मृती इतरांच्या दप्तरात कधी नीट नोंदलीच गेली नाही, त्या समाजाच्या दृष्टीने तो इतिहासाचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याची मांडणी येथे करीत आहे.

२

ह्या पडद्यावरच्या बैठकींना आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली. १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरात मोठे हिमवादळ झाले. त्या दिवसांत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस ह्या दोन हौशी संगणकवाल्यांनी एक कल्पना मनावर घेतली. क्लबाच्या भिंतीवर फलक असतो, त्यावर लोक चिठ्ठ्या टाचतात आणि इतर येऊन वाचतात. तसा फलक टेलिफोनच्या तारेवरून का असू नये? फेब्रुवारी १९७८ मध्ये तो फलक चालू झाला. एका वेळी एकालाच फोन जोडता येई. एकाने लिहून-वाचून फोन ठेवला की दुसऱ्याची पाळी. आमच्या वस्तीतल्या अंकासारखीच ही पाळी होती, असे मला हे प्रथम वाचले तेव्हा वाटले.

१९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी संगणक जोडून लेखांची देवाणघेवाण करण्याची योजना आखली. १९८० मध्ये ती 'यूजनेट' ह्या नावाने उघड झाली. रात्री फोनचे दर कमी असत. म्हणून संगणक रात्री एकमेकांना फोन लावीत आणि जमलेले लेखन देत-घेत. हळूहळू विषयवार शेकडो गट झाले. भारतीयांचा गट झाला, पुढे मराठी भाषकांचाही झाला. देवनागरीची सोय नसल्याने तेथे मराठी रोमन अक्षरांत लिहीत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट ह्यांनी 'वेल' नावाचा फलक काढला. तेथे टोपणनावाआड पूर्ण लपण्याची मुभा नव्हती. सदस्याचे खरे नाव इतरांना पाहता येई, आणि आपल्या शब्दांची जबाबदारी आपलीच, असा दंडक होता. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड ह्या सदस्याने ह्या अनुभवावर १९९३ मध्ये पुस्तक लिहिले आणि अशा समूहांचा विचार जगभर सुरू झाला.

आपल्या देशात सर्वसाधारण माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. १९९६ मध्ये 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ऑर्कुट आले आणि महाविद्यालयीन तरुणांचे लोंढे तेथे गेले.

ह्या इतिहासात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. आरंभीची ही माणसे कोण होती? शिकागोच्या फलकावर लिहायला घरी संगणक लागे. यूजनेटवर यायला विद्यापीठ किंवा मोठी कंपनी लागे. मराठी गटात लिहायला बहुधा परदेशातली पदवी किंवा नोकरी लागे. १९८० वा १९९० साली हे सारे आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आले होते हे सांगण्याची गरज नाही. तंत्र नवे होते. पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट जुन्याच वस्त्यांमधून जात होती. ज्यांच्या घरी दोन पिढ्या टेलिफोन होता ते आधी पोचले. आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पोचलो, आणि पोचलो तेव्हा तेथे जुनी माणसे आधीच बसलेली होती.

३

यूजनेटच्या जुन्या सदस्यांना दर सप्टेंबरचा धसका असे. अमेरिकेत विद्यापीठांचे वर्ष त्या सुमारास सुरू होते. नव्या विद्यार्थ्यांना संगणकाचे खाते मिळे, ते गटांत येत आणि गेल्या वर्षीचेच प्रश्न पुन्हा विचारीत. जुने सदस्य महिना-दोन महिने त्यांना रीत शिकवीत. मग ते मुरत. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत आणि नव्यांच्या हाती द्यावीत, ही चांगली प्रथा तेथे रुजली. परंतु १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या असंख्य ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले. तेव्हापासून नवख्यांचा ओघ थांबलाच नाही. १९९३ चा तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जुनी माणसे म्हणू लागली. अजूनही म्हणतात.

ह्या म्हणण्यात वार्धक्याची सर्व लक्षणे आहेत. आमच्या वेळी चर्चा उंचीची होती, आता गर्दी झाली, आता दर्जा राहिला नाही. परदेशातल्या त्या सदस्यांविषयी मला आकस नाही. त्यांनी कष्टाने काहीतरी उभारले होते आणि ते डोळ्यांदेखत विस्कटत होते. पण ही भाषा आम्हाला परिचयाची आहे. गावोगाव महाविद्यालये निघाली आणि ज्यांच्या घरात पाटी कधी आली नव्हती त्यांची मुले वर्गात येऊन बसली, तेव्हा शिक्षणाचा दर्जा घसरल्याची हाकाटी महाराष्ट्रात कोणी केली? दार बंद होते तोवर आतल्यांना आपण निवडक वाटत होतो. दार उघडल्यावर आत आलेल्या माणसाला गर्दी म्हणायचे, ही सवय केवळ अमेरिकेची नाही. मी स्वतः पदवीधरांच्या पहिल्या पिढीतला. मी कोणाचा तरी सप्टेंबर होतो.

म्हणून जेव्हा मीच जुना झालो आणि नव्या सदस्यांवर वैतागू लागलो, तेव्हा माझी मला लाज वाटली.

आमच्या मराठी फोरमवरचा सप्टेंबर जूनमध्ये येई. दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या, की एक धागा निघणार हे ठरलेले. आरक्षण आणखी किती दिवस? गुणवत्तेचे काय? बाबासाहेबांनी ते दहाच वर्षांसाठी ठेवले होते ना? धागा काढणारा आयडी दर वर्षी वेगळा, प्रश्न तोच. पहिल्या वर्षी मी अठरा वर्षांचा होतो. मी रागाने लिहिले, दोन दिवस जेवलो नाही, आणि माझे प्रतिसाद चर्चेचा सूर बिघडवतात म्हणून काढून टाकण्यात आले. पाचसहा वर्षांनी मी पुराव्याने लिहू लागलो. दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या ३३४ व्या कलमात आहे. ती लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांची मुदत आहे, आणि संसदेने ती वेळोवेळी वाढवली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या १०४ व्या दुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांविषयीच्या १६(४) ह्या कलमाला आणि शिक्षणाविषयीच्या १५(४) ह्या कलमाला अशी मुदत नाही. १५(४) तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले. हे सारे मी टाचण करून ठेवले. दर जूनला तेच टाचण, तीच कलमे. आणि दर जूनला तो प्रश्न असा विचारला जाई, जणू आजवर त्याला कोणी उत्तर दिलेच नाही.

फोरमवर वय वाढते ते असे. केस पिकत नाहीत. उत्तर पाठ होते. एक दिवस आपणच आपल्याला म्हणतो, आता किती वेळा सांगायचे? ज्या दिवशी हे वाक्य मनात येते तो म्हातारपणाचा पहिला दिवस.

४

त्या फोरमवर एक ज्येष्ठ सदस्य होते. पोस्टातून निवृत्त झालेले, विदर्भातले. त्यांचा आयडी येथे देत नाही. आम्ही पाचसात तरुण त्यांना काका म्हणत असू. मराठी टंकलेखन त्यांनी निवृत्तीनंतर शिकले. एक प्रतिसाद लिहायला त्यांना तासभर लागे. जूनच्या धाग्यावर ते शांतपणे लिहीत, कोणाला टोचून बोलत नसत. त्यांच्या ह्या शांतपणाचा मला राग येई. मला ती लाचारी वाटे.

एकदा मी एका आयडीशी तीन दिवस झगडत होतो. त्याने माझे पूर्ण नाव विचारले होते, मग गाव विचारले होते, मग वडील काय करतात हे विचारले होते. ज्याला आपल्याकडची रीत माहीत आहे त्याला ह्या तीन प्रश्नांचा अर्थ कळेल. पडद्यावर जात दिसत नाही असे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. ती दिसत नाही म्हणूनच विचारली जाते. त्या रात्री काकांचा खाजगी निरोप आला. त्यांनी लिहिले होते, "बाळ, तू त्याला उत्तर देऊन राहिलास. तो बदलणार नाही, त्याला उत्तर नकोच आहे. पण मागं बसून एखादं पोरगं वाचत असेल. ते काही लिहीत नाही, त्याला भीती वाटते. उद्या त्याला त्याच्या वर्गात हेच कोणी विचारणार आहे. तू त्याच्यासाठी लिही."

मी काकांना विचारले, तुम्हाला कंटाळा येत नाही का? त्यांचे उत्तर एका ओळीचे होते. पोस्टात चाळीस वर्षे तेच शिक्के मारले, पण प्रत्येक पत्र वेगळ्याचे होते.

त्या दिवसापासून माझे लिहिणे बदलले. मी वाचनमात्र मुलासाठी लिहू लागलो. तो मुलगा मी कल्पनेने रंगवला नव्हता. मीच तो होतो. २००६ च्या हिवाळ्यात मी तसाच मागे बसून वाचत होतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना त्या घटनेचे खरे स्वरूप मांडायला महिनाभर लागला. तोवर ती बातमी ई-मेलने, ब्लॉगांवरून, मोबाईलच्या संदेशांनी वस्त्यावस्त्यांत गेली होती, आणि नोव्हेंबरमध्ये माणसे रस्त्यावर आली. मी सायबर कॅफेच्या लाकडी खोक्यात बसून अनोळखी माणसांनी लिहिलेले वाचत होतो. ते लिहिणारे कोण होते, किती वयाचे होते, मला आजही ठाऊक नाही. त्यांना मी वाचतो आहे हे ठाऊक नव्हते. पण त्यांनी लिहिले नसते तर मी आज जो आहे तो झालो नसतो.

एप्रिल २०२१ मध्ये काकांचे लिहिणे थांबले. त्या दिवसांत अनेकांचे थांबले होते. जूनचा धागा निघाला तेव्हा कोणीतरी विचारले, काका कोठे आहेत? उत्तर आले नाही. पुढे त्यांच्या मुलीने त्यांच्याच आयडीवरून दोन ओळी लिहिल्या, तेव्हा कळले. आमच्यापैकी एकानेही त्यांना कधी पाहिले नव्हते. तरी त्या धाग्यावर दोनशेच्या वर प्रतिसाद आले, आणि त्यांतले कितीतरी अशा सदस्यांचे होते ज्यांनी तोवर एक शब्दही लिहिला नव्हता. मागे बसून वाचणारी ती पोरे खरोखरच होती.

५

'वेल'वर टॉम मँडेल नावाचे एक जुने सदस्य होते. त्यांना कर्करोग झाला. आपण जाणार हे त्यांनी फलकावरच्या आपल्या मंडळींना लिहून कळवले, निरोप घेतला, आणि एप्रिल १९९५ मध्ये ते वारले. एवढ्या उघडपणे एखाद्या समूहाने पडद्यावर आपल्या माणसाचा मृत्यू पाहण्याची ती आरंभीची वेळ होती. त्यानंतर ह्या पहिल्या पिढीतली माणसे एकेक करून गेली. शिकागोचा फलक बांधणाऱ्यांपैकी रँडी सूस २०१९ मध्ये गेले, वॉर्ड ख्रिस्टेन्सन २०२४ मध्ये.

माणसे जाणारच. गावातही जातात. पण गावात माणूस गेला तरी पार राहतो, विहीर राहते. फोरमचे तसे नाही. येथे माणसाआधी जागाच जाते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले; तेथील चर्चा काही काळ वाचायला ठेवल्या होत्या, पुढे त्याही काढल्या. याहू ग्रुप्सवरचे जुने लेखन काढून टाकण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच मिटली. यूजनेट कोणा एकाच्या मालकीचे नव्हते म्हणून ते अजून श्वास घेते आहे. पण त्याच्या जुन्या लेखनाचा सर्वांत मोठा साठा गूगलकडे गेला, आणि २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने तेथील नव्या लेखनाशी संबंध तोडला.

ह्या साठ्याचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यूजनेटचे लेखन काही दिवसांनी पुसले जाई. डिस्कवर जागा नसे, आणि ही गप्पाटप्पांची अडगळ जपावी असे कोणाला वाटत नसे. कॅनडातील टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे संगणक सांभाळणारे गृहस्थ होते. त्यांनी १९८१ पासून सुमारे दहा वर्षे ते लेखन चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. अशा १४१ फिती झाल्या. कोणी त्यांना ते काम सांगितले नव्हते. २००१ मध्ये त्या फितींवरचे लेखन उतरवून घेतले गेले, म्हणून आज १९८० च्या दशकातील त्या समूहाचा इतिहास लिहिता येतो. एका खोलीत एका माणसाने जपले म्हणून एका समाजाला बालपण मिळाले.

आता माझी गोष्ट सांगतो. आमचाही एक समूह होता. खैरलांजीनंतर जमलेला, आंबेडकरी विचारांच्या तरुणांचा, एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर. तेथे आम्ही सात-आठ वर्षे लिहिले. वसतिगृहात वेगळे ताट मिळालेल्या मुलाने तेथे लिहिले. मुलाखतीत आडनाव विचारल्यावर काय झाले ते एका मुलीने लिहिले. घरातून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याने लिहिले, आणि परदेशात गेल्यावर तेथल्या मराठी माणसांनी काय विचारले तेही त्यानेच लिहिले. पुढे त्या जागेची सूचना आली, ही सेवा बंद होणार, आपले लेखन उतरवून घ्यावे. मुदत होती. मी तेव्हा तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवत होतो आणि नेट परीक्षेचा अभ्यास करत होतो. कोणीतरी उतरवून घेईल असे मला वाटले. प्रत्येकालाच तसे वाटले. मुदत संपली. एका पिढीची साक्ष एका रात्रीत गेली, आणि ती घालवली आम्हीच. कंपनीने तिचे दुकान आवरले. ती आमची साक्ष आहे हे तिला कसे कळावे? आम्हाला कळायला हवे होते.

निरक्षर आजोबांनी पेटीत अंक जपले. एम.ए. झालेल्या नातवाला ते जमले नाही.

६

येथे आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण हा धडा आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात मोबदला देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. दुसऱ्याच्या फलकावर आपली चिठ्ठी टाचता येत नाही हे बाबासाहेबांना तेव्हाच कळून चुकले होते. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडला, १९२७ मध्ये सुरू झालेला 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबला, १९३० मध्ये 'जनता' आली आणि तिचेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. ह्या काळात बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारण्याची धडपड केली. आपले लेखन आपल्या जागेवर असले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

पण जागा आपली असली म्हणजे सारे सुरक्षित झाले असेही नाही. दादरच्या आंबेडकर भवनाची वास्तू, जिच्यात बुद्धभूषण छापखाना होता, २५ जून २०१६ रोजी पहाटे पाडली गेली. तेव्हा मुंबईत केवढा क्षोभ उसळला हे वाचकांना आठवत असेल. मग 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचतो ते कसे? १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली त्यांचे पुनर्मुद्रण केले म्हणून. आणि ते करता आले, कारण सत्तर वर्षे कोणाकोणाच्या घरी, संग्रहात, पेटीत ते अंक टिकले होते. छापखाना पडू शकतो, कंपनी बंद होऊ शकते, शासनाचे मन बदलू शकते. पण अनेकांच्या घरी असलेली प्रत एकाच वेळी नष्ट करता येत नाही. आपली स्मृती आजवर टिकली ती ह्या एका गोष्टीने.

'वेल'च्या जुन्या सदस्यांनी २०१२ मध्ये एक केले. ज्या कंपनीकडे तो फलक गेला होता तिच्याकडून त्यांच्यातल्याच एका गटाने तो विकत घेतला. आयुष्याची पंचवीस वर्षे जेथे गेली ती जागा त्यांनी आपल्या नावावर केली. त्यांच्यापाशी पैसा होता, हे खरे. पण पैशाआधी त्यांच्यापाशी एक समज होती, की आपण येथे पाहुणे नाही. आमच्यापाशी ती समज १९२० मध्ये होती. २०१० च्या आसपास फुकट मिळालेल्या जागेच्या आनंदात ती आम्ही विसरलो. आज आमच्या चर्चा मोबाईलवरच्या ग्रुपांत चालतात. सकाळी 'जय भीम', दुपारी एक चित्रफीत, संध्याकाळी भांडण. तेथे काल लिहिलेले आज सापडत नाही, आणि फोन बदलला की सगळेच जाते. सगळे बोलत आहेत, पण नोंदीला काही उरत नाही. ही अवस्था जुन्या मूकपणापेक्षा फार निराळी नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

तेव्हा फोरमवर ज्यांचे वय वाढले आहे त्यांच्यावर दोन कामे येतात. एक, दारावर बसायचे नाही. आलेल्याला गर्दी म्हणायचे नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा उत्तर द्यायचे, कारण मागे वाचणारा दर वेळी नवा असतो. दोन, जे लिहिले गेले ते आपल्या हाती ठेवायचे. छापून, प्रती काढून, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, विहाराच्या कपाटात, चार घरांत. ही कामे तरुणांनी करावीत असे आपण म्हणतो. तरुणाला ती सुचत नाहीत. मला सुचली नव्हती. आपणही एक दिवस नसू हे ज्याला कळू लागले आहे त्यालाच ती सुचतात. वय वाढण्याचा काही उपयोग असेल तर तो हा.

काकांच्या मुलीला मी पत्र लिहिले. आयडीवर निरोप पाठवला नाही, पोस्टाने पत्र लिहिले. त्यांना आवडले असते. उत्तरात तिने एक जाड पाकीट पाठवले. काका फोरमवरचे आपले प्रत्येक उत्तर आधी कागदावर लिहीत आणि मग टंकित करीत, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती त्या पाकिटात होत्या. शाईने लिहिलेले, खोडलेले, पुन्हा लिहिलेले. कोपऱ्यात तारीख, आणि जूनच्या उत्तरांवर वर्ष. त्याच प्रश्नाला अकरा वर्षांची अकरा उत्तरे, आणि एकही दुसऱ्याची नक्कल नाही.

मी त्या पानांच्या चार प्रती काढल्या आहेत. तीन दिल्या. एक आजोबांच्या पेटीत ठेवली आहे.